हाडाला जागा देणारे सिमेंट

बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात, बालाघाटच्या पठारी मुलखात नांदूरघाट हे गाव आहे. या तालुक्यातून आणि एकूणच जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागल्यावर गावी परततात. मुकादमाकडून उचल घेणारी नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ म्हणून मोजली जाते. फडात स्त्रीच्या वाट्याला येणारे काम पाहिले, तर वाढे छाटणे, पाचटातून ऊस गोळा करून मोळी बांधणे आणि ती मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला टेकवलेल्या अरुंद फळीवरून पावलापावलाने वर चढणे, हा क्रम दिवसभर चालू राहतो. डोक्यावरचे ते ओझे मानेवरून उतरत पाठीच्या एकेका मणक्यावर दाब देत कमरेपर्यंत पोचते. मणका बाहेरून भरीव दिसत असला, तरी आतून तो मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार असतो आणि त्या जाळीचे धागे जोवर जाड व एकमेकांशी जोडलेले असतात, तोवरच तो हा भार पेलू शकतो.

हे धागे जाड ठेवण्याच्या कामी स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा, म्हणजे अंडाशयातून रक्तात मिसळणाऱ्या रासायनिक संदेशवाहकाचा, मोठा वाटा असतो. २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची जी पाहणी आली, तिच्यात सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली आणि त्यांतील अनेकींचे वय चाळिशीच्या आतले होते. गर्भपिशवीबरोबर अंडाशयही काढले गेले असल्यास इस्ट्रोजेनचा पुरवठा एकाएकी थांबतो, आणि अंडाशय राखले तरी रजोनिवृत्ती काही वर्षे अलीकडे येण्याचा संभव वाढतो, असे वैद्यकीय अभ्यास सांगतात. म्हणजे ज्या पाठीवर सर्वांत जास्त भार येतो, त्याच पाठीतील हाड वेळेआधी विरळ होऊ लागते. अशा हाडाचा मणका एखाद्या दिवशी साधी कळशी उचलताना चेपतो, किंवा उंबऱ्याला पाय अडखळून पडल्यावर खुब्याचे हाड मोडते. त्यानंतर शल्यचिकित्सक ज्या काही साधनांकडे वळतो, त्यांत हाडाचे सिमेंट हे एक महत्त्वाचे साधन आहे. या सिमेंटमध्ये गेल्या काही दशकांत जे बदल घडत आहेत, ते बीडसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने केवळ प्रयोगशाळेतील कुतूहल नव्हेत.

हाड हा जिवंत पदार्थ

सिमेंट समजून घेण्याआधी हाड समजून घेतले पाहिजे. हाडाच्या वजनाचा साठ ते सत्तर टक्के भाग खनिजाचा असतो, वीस-तीस टक्के भाग कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा असतो आणि उरलेले पाणी असते. हे खनिज म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट नावाचा अतिसूक्ष्म स्फटिक. मातीच्या भिंतीच्या गिलाव्यात भुसा कालवला की ओल सुकल्यावर तो तडकत नाही, त्याच न्यायाने कोलॅजनच्या तंतूंमुळे हा खनिजाचा साचा ठिसूळ राहत नाही आणि वाकणेही काही प्रमाणात सोसतो.

भिंतीत आणि हाडात मात्र एक मूलभूत फरक आहे. भिंत बांधून झाली की ती तशीच राहते, तर हाड आयुष्यभर मोडले आणि बांधले जात असते. अस्थिभक्षक पेशी जुने हाड विरघळवून काढून टाकतात आणि त्यांच्या मागोमाग अस्थिजनक पेशी त्या खळग्यांत नवे हाड रचतात. हाडावर जिथे ताण पडतो तिथे हे रचणे जास्त होते आणि ताण नाहीसा झाला की हाड झिजते, हे जर्मन शल्यचिकित्सक यूलिउस वोल्फ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले. अस्थिभंग झाल्यावर प्लास्टर किंवा पट्टी फक्त तुकडे जागच्या जागी धरून ठेवते, जोडण्याचे खरे काम हाड स्वतःच करते. परंतु जिथे हाडाचा मोठा भाग नाहीसा झालेला असतो, गाठ खरवडून काढल्यामुळे पोकळी उरलेली असते किंवा ठिसूळ मणका चेपलेला असतो, तिथे हाडाला भरून येण्यासाठी बाहेरून काहीतरी द्यावे लागते.

अशा वेळी सर्वांत चांगला पदार्थ म्हणजे रुग्णाचे स्वतःचे हाड. ते बहुधा कमरेच्या हाडाच्या कडेवरून काढतात. मात्र त्यासाठी दुसरी जखम करावी लागते, तिचे दुखणे पुष्कळ दिवस राहते आणि मिळणारे हाडही मोजकेच असते. दुसरा मार्ग दात्याच्या हाडाचा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ मध्ये ऊतिपेढी सुरू झाली आणि तेथे दात्यांकडून मिळालेले हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक करून रुग्णांसाठी उपलब्ध करून दिले जाऊ लागले. परंतु अशा पेढ्या थोड्या आणि गरज मोठी, त्यामुळे पुडीतून काढून कालवता येईल आणि हाडाच्या पोकळीत हवा तो आकार घेऊन घट्ट होईल अशा पदार्थाचा शोध अपरिहार्य ठरला.

पहिले सिमेंट आणि त्याची कामगिरी

हा शोध जुना आहे. १८९० च्या सुमारास बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लीस ग्लुक या शल्यचिकित्सकाने हस्तिदंताचे कृत्रिम सांधे बसवताना राळ, प्युमिस दगडाची पूड आणि प्लास्टर यांचे मिश्रण वापरून पाहिले, आणि १८९२ मध्ये ड्रेसमन यांनी हाडातील पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्याची नोंद केली. परंतु आज ज्याला बोन सिमेंट म्हणतात, त्याचे श्रेय इंग्लंडमधील जॉन चार्नली यांच्याकडे जाते. दातांच्या कवळ्या बनवण्यासाठी वापरला जाणारा अ‍ॅक्रिलिक हा पदार्थ त्यांनी १९५८ मध्ये कृत्रिम खुबा मांडीच्या हाडात पक्का बसवण्यासाठी वापरला, आणि खुब्याच्या सांधेबदलाची शस्त्रक्रिया सर्वसामान्य रुग्णांच्या आवाक्यात आली.

या सिमेंटचे शास्त्रीय नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. ते दोन भागांत येते. पाकिटात पांढरी भुकटी असते, तिच्यात पॉलिमरचे सूक्ष्म मणी, अभिक्रिया सुरू करणारे बेंझॉइल पेरॉक्साइड आणि क्ष-किरण चित्रात सिमेंट दिसावे म्हणून बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनियम डायऑक्साइड मिसळलेले असते. काचेच्या कुपीत मोनोमर नावाचा उग्र वासाचा द्रव असतो. साधारणपणे चाळीस ग्रॅम भुकटीला वीस मिलिलिटर द्रव असे प्रमाण असते. शस्त्रक्रियागृहात दोन्ही एकत्र घोटले की आधी पातळ पिठल्यासारखा लगदा होतो, मग तो हातमोज्याला चिकटू लागतो आणि काही मिनिटांनी चिकटणे थांबून कणकेच्या गोळ्यासारखा मऊ होतो. मोज्याला चिकटेनासे होणे हीच तो वापरण्याची वेळ झाल्याची खूण. त्यानंतर शल्यचिकित्सकाच्या हाती थोडीच मिनिटे उरतात, कारण कालवल्यापासून साधारण आठ ते बारा मिनिटांत तो गोळा दगडासारखा कठीण होतो. खोली जितकी उबदार, तितका हा वेळ कमी होतो, म्हणून मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शस्त्रक्रियागृहातील थंडावा ही रुग्णाच्या सोयीपुरती बाब राहत नाही, ती सिमेंट हाताळण्याचीही अट ठरते.

नाव सिमेंट असले, तरी हा पदार्थ हाडाला डिंकासारखा चिकटत नाही. दगडी भिंतीच्या दरजांत चुना भरल्यावर तो दगडांच्या खाचाखोचांत शिरून भिंतीला घट्ट करतो, तसे हे सिमेंट जाळीदार हाडाच्या छिद्रांत शिरून धातूच्या दांड्याला हाडात घट्ट बसवते. दाब सोसण्याची त्याची ताकद आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किमान ७० मेगापास्कल, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे ७०० किलो भार पेलण्याइतकी असावी लागते. १९७० मध्ये हॅम्बुर्गच्या बुखहोल्झ यांनी त्यात जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळण्याची पद्धत मांडली, आणि सिमेंट हे केवळ भराव न राहता औषध पोचवणारे साधनही होऊ शकते, हे त्यातून स्पष्ट झाले. १९८४ मध्ये फ्रान्समधील आमियां येथे गालिबेर आणि देरामों यांनी सुईवाटे मणक्यात सिमेंट भरण्याची व्हर्टिब्रोप्लास्टी ही पद्धत प्रथम वापरली. पुढे ठिसूळपणामुळे चेपलेल्या मणक्यांसाठी तिचा जगभर प्रसार झाला.

उणिवा कुठे आहेत

साठ वर्षांहून अधिक काळ लक्षावधी रुग्णांना चालते-फिरते ठेवणाऱ्या या पदार्थाच्या उणिवाही तितक्याच स्पष्ट आहेत. पहिली उणीव उष्णतेची. सिमेंट घट्ट होताना बरीच उष्णता बाहेर पडते. स्वीडनमध्ये १९८३ साली सशांवर झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात हाडाला ४७ अंश सेल्सियस तापमान एक मिनिटभर दिल्यासही त्याची हानी होते असे दिसले, आणि प्रयोगशाळेत या सिमेंटचे तापमान याच्या कितीतरी वर जाते. शरीरातील रक्तप्रवाह काही उष्णता वाहून नेतो, तरीही सिमेंटला लागून असलेल्या हाडाचा पातळ थर मरण्याची शक्यता राहते. दुसरी उणीव अशी की न जुळलेला थोडा मोनोमर रक्तात झिरपतो, आणि सिमेंट दाबून भरताना काही रुग्णांचा रक्तदाब अचानक उतरतो, म्हणून भूलतज्ज्ञ त्या क्षणी विशेष सावध असतो.

तिसरी उणीव कडकपणाची. विरळ हाडाच्या तुलनेत हे सिमेंट पुष्कळच ताठर असते, त्यामुळे भरलेला मणका टणक होऊन शेजारच्या मणक्यावर जास्तीचा ताण येण्याची भीती असते. चौथी आणि सर्वांत मूलगामी उणीव अशी की हे सिमेंट शरीराच्या दृष्टीने निर्जीव राहते. त्याच्याभोवती तंतुमय पडदा तयार होतो, हाड त्याला ओळखत नाही, त्यात शिरत नाही आणि सिमेंट स्वतः कधी सरतही नाही. ज्या पदार्थाने हाडाच्या जागेचा कायमचा ताबा घेतला आहे, त्या जागी नवे हाड येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ऐंशी वर्षांच्या रुग्णाच्या खुब्यासाठी हे चालून जाते, परंतु पंचेचाळीस वर्षांच्या ऊसतोड स्त्रीच्या मणक्यात पुढची तीस वर्षे तो पदार्थ राहणार असेल, तर त्याने हाडाशी काही नाते जोडावे अशी अपेक्षा रास्त ठरते.

हाडाशी नाते जोडणारी काच

हाडाशी नाते जोडणाऱ्या पदार्थाला जैवसक्रिय म्हणतात, आणि या कल्पनेचा उगम एका काचेत आहे. १९६७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाचे लॅरी हेंच एका परिषदेला जात असताना बसमध्ये त्यांची व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याशी गाठ पडली. जखमी सैनिकांचे अवयव वाचावेत म्हणून शरीर नाकारणार नाही असा पदार्थ बनवता येईल का, असा प्रश्न त्या अधिकाऱ्याने विचारला. हेंच यांनी १९६९ मध्ये वजनाने ४५ टक्के सिलिका, सोडियम व कॅल्शियमची ऑक्साइडे प्रत्येकी २४.५ टक्के आणि ६ टक्के फॉस्फरस ऑक्साइड यांची काच तयार केली. तिचे तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवून सहा आठवड्यांनी पाहिले असता ते हाडातून निघेनात, इतके ते हाडाशी एकजीव झाले होते.

यामागची क्रिया पाहण्याजोगी आहे. काच शरीरातील द्रवात बुडाली की तिच्या पृष्ठभागावरील सोडियम बाहेर पडून त्याच्या जागी हायड्रोजन येतो, त्यामुळे सिलिकेचा ओलसर, जेलीसारखा थर तयार होतो, आणि त्या थरावर द्रवातील व काचेतील कॅल्शियम-फॉस्फेट जमून काही काळाने अ‍ॅपेटाइटचे स्फटिक बनतात. हे स्फटिक हाडातील खनिजाशी जुळणारे असल्याने अस्थिजनक पेशी त्यांवर येऊन बसतात, कोलॅजनचे तंतू त्यांत गुंफले जातात आणि काच व हाड यांच्यात मधला पडदा उरत नाही. जपानमधील क्योतो विद्यापीठाचे तादाशी कोकुबो यांनी पुढे मानवी रक्तद्रवाशी मिळतेजुळते क्षारांचे प्रमाण असलेला एक द्रव तयार केला. ३७ अंश तापमानाला त्या द्रवात नमुना काही दिवस बुडवून ठेवायचा आणि मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा पृष्ठभाग पाहायचा, अशी ही चाचणी आहे. पदार्थ जैवसक्रिय असेल तर सपाट पृष्ठभागावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे अ‍ॅपेटाइटचे फुगीर झुबके उगवलेले दिसतात, नसेल तर तो होता तसाच गुळगुळीत राहतो.

सिमेंटमध्ये काय मिसळावे

अ‍ॅक्रिलिक सिमेंटच्या भुकटीत अशी काच किंवा हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट मिसळावे, म्हणजे तेही हाडाशी जुळेल, हा विचार साहजिकच पुढे आला. परंतु मिसळणे वाटते तितके सोपे ठरले नाही. सिमेंटच्या आत गाडले गेलेले काचेचे कण शरीरातील द्रवापर्यंत पोचतच नाहीत, पृष्ठभागावर उघडे असलेले कण तेवढे काम करतात. कणांचे प्रमाण वाढवावे तर लगदा दाट होऊन हाडाच्या छिद्रांत शिरत नाही, आणि कणांच्या गुठळ्या झाल्या की नेमक्या तिथून सिमेंटला तडे जाऊ लागतात. म्हणून कणांवर सिलेन या रसायनाचा पातळ लेप देतात. त्याच्या रेणूचे एक टोक काचेला आणि दुसरे पॉलिमरला धरते, आणि त्यामुळे दोन परक्या पदार्थांत दुवा साधला जातो. मूळ अ‍ॅक्रिलिकऐवजी दुसरी राळ घेऊन तिच्यात काच-सिरॅमिकचे कण घातलेली सिमेंटेही तयार झाली असून, त्यांपैकी कॉर्टोस या सिमेंटला २००९ मध्ये अमेरिकेत मणक्यासाठी मान्यता मिळाली.

दुसरी वाट सूक्ष्म धातूंची आहे. अ‍ॅपेटाइटच्या स्फटिकाचा एक गुण असा की त्यातील एखाद्या अणूच्या जागी तशाच आकाराचा दुसरा अणू बसू शकतो. महाराष्ट्राला या गुणाची एक दुःखद ओळख आधीच आहे. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर अशा जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातील जादा फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात जाऊन हाडांच्या स्फटिकात शिरते, आणि हाड दिसायला दाट परंतु प्रत्यक्षात ठिसूळ होते. हाच गुण योग्य अणू निवडून उपकारक करता येतो. कॅल्शियमच्या जागी थोडे स्ट्रॉन्शियम बसवले, तर अस्थिभक्षक पेशींचे काम मंदावते आणि अस्थिजनक पेशींना चालना मिळते, शिवाय स्ट्रॉन्शियमचा अणू जड असल्याने सिमेंट क्ष-किरण चित्रात अधिक स्पष्ट दिसते. तोंडाने घेण्याच्या स्ट्रॉन्शियम रॅनेलेट या औषधावर हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०१४ मध्ये युरोपात निर्बंध आले. त्यामुळे हे मूलद्रव्य साऱ्या शरीरात न फिरवता नेमके दुखऱ्या हाडात पोचवणाऱ्या सिमेंटचे महत्त्व अधिकच वाढले. मॅग्नेशियम पेशींना पृष्ठभागावर बसायला मदत करते, जस्त जंतूंना आवर घालते, तर तांबे नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास उत्तेजन देते. यांपैकी प्रत्येकाची मात्रा मात्र चिमटीने मोजावी लागते, कारण थोडे तांबे रक्तवाहिनीला पोषक असते आणि जास्त झाले तर पेशींना मारक ठरते.

सरून जाणारे सिमेंट

खरी क्रांती घडवली ती अगदी वेगळ्या कुळातील सिमेंटने. १९८० च्या दशकात अमेरिकेत ब्राऊन आणि चाऊ या दोन संशोधकांना असे आढळले की कॅल्शियम फॉस्फेटच्या दोन भुकट्या पाण्यात कालवल्या की त्या शरीराच्या तापमानालाच घट्ट होतात आणि त्यांतून तयार होणारा पदार्थ म्हणजे हाडातलेच हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट. यात उग्र मोनोमर नाही, भाजणारी उष्णता नाही, आणि कालांतराने अस्थिभक्षक पेशी हे सिमेंट जुन्या हाडासारखे विरघळवून त्या जागी नवे हाड येऊ देतात. १९९६ मध्ये त्याला अमेरिकेत वैद्यकीय मान्यता मिळाली.

घर बांधताना स्लॅब ओतण्याआधी गवंडी खाली फळ्या आणि टेकू लावून सेंटरिंग करतो, आणि स्लॅबने स्वतःचा भार घेण्याजोगे बळ धरले की ते काढून नेतो. अ‍ॅक्रिलिक सिमेंट हा कायमचा टेकू आहे, तर कॅल्शियम फॉस्फेटचे सिमेंट हे सेंटरिंगसारखे, काम झाल्यावर सरून जाणारे साधन आहे. सेंटरिंग लवकर काढले तर स्लॅब कोसळतो आणि फार उशिरा काढले तर घर अडकून पडते. त्याचप्रमाणे सिमेंट विरघळण्याचा वेग हाड वाढण्याच्या वेगाशी जुळणे, हा या सगळ्या संशोधनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. या सिमेंटची अडचणही इथेच आहे. ते दाब सोसते, परंतु वाकवले वा पिळले की खडूसारखे मोडते, रक्त फार असेल तर घट्ट होण्याआधी धुऊन जाते, आणि त्याची छिद्रे इतकी बारीक असतात की पेशी व रक्तवाहिन्या आत शिरू शकत नाहीत, त्यामुळे ते बाहेरून आत फार सावकाश विरघळते.

पूरक पदार्थांची निवड या तीन अडचणी डोळ्यांसमोर ठेवून केली जाते. मोडू नये म्हणून गिलाव्यातील भुशाप्रमाणे त्यात बारीक तंतू घालतात. धुऊन जाऊ नये म्हणून कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान किंवा समुद्रशेवाळापासून मिळणारे अल्जिनेट मिसळून लगद्याला चिकटपणा देतात. रक्तवाहिन्यांना वाट मिळावी म्हणून सिमेंटमध्ये मुद्दाम असे कण कालवतात की जे नंतर विरघळून जातील आणि आपल्या मागे पोकळी ठेवतील. यासाठी जिलेटिनचे गोळे, खाण्याचा सोडा, मॅनिटॉल यांबरोबरच चक्क साखरेचे कणही वापरले गेले असून, चाऊ यांच्याच गटाने २००१ मध्ये साखरेच्या अशा प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. साखर विरघळते, तिच्या जागी साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी वा त्याहून मोठी छिद्रे उरतात, आणि त्या छिद्रांतून रक्तवाहिनी व तिच्यामागून अस्थिजनक पेशी आत येतात. मात्र छिद्रे वाढली की ताकद घटते, म्हणून भार सोसणाऱ्या हाडात किती पोकळी ठेवायची, हा हिशेब दरवेळी नव्याने करावा लागतो.

प्रथिने, औषधे आणि कांडवेल

पूरकांचा आणखी एक वर्ग पेशींना संदेश देणाऱ्या जैविक पदार्थांचा आहे. १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट यांनी खनिज काढून टाकलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवले असता, जिथे हाड असण्याचे कारणच नाही अशा ठिकाणी नवे हाड उगवले. याला कारण असलेल्या प्रथिनांपैकी एक प्रयोगशाळेत बनवून २००२ मध्ये अमेरिकेत पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी वापरात आले. परंतु मोठ्या मात्रेत ते भलत्याच जागी हाड उगवते आणि मानेच्या भागात धोकादायक सूज आणते, असे अनुभवास आल्यावर तिथल्या नियामकांनी इशारा दिला. म्हणून प्रथिन एकदम न सोडता सिमेंटमधून दिवसागणिक थोडे थोडे झिरपू देणे ही आजच्या संशोधनाची दिशा आहे. मणक्यातील ठिसूळपणावरची औषधेही याच मार्गाने स्थानिक पातळीवर देण्याचे प्रयत्न चालू आहेत.

वनस्पतींचा अभ्यासही या क्षेत्राला परका नाही. महाराष्ट्राच्या माळरानावर आणि कुंपणांवर वाढणारी, चौकोनी कांड्यांची कांडवेल, जिला हाडसांधी असेही म्हणतात, हाडवैद्य पूर्वापार वापरत आले. १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात उडुपा आणि प्रसाद यांनी तिचा अस्थिभंग भरून येण्यावर काय परिणाम होतो, हे प्राण्यांवर प्रयोग करून तपासले. तिचा अर्क हाडाच्या भरावात मिसळण्याचे प्रयोग अलीकडे भारतात होऊ लागले आहेत. परंतु वेलीतील नेमके कोणते घटक कोणत्या मात्रेत उपयोगी आहेत आणि सिमेंटच्या घट्ट होण्यावर त्यांचा काय परिणाम होतो, हे ठरल्याशिवाय परंपरेचा आधार पुरेसा मानता येत नाही.

आपल्याकडील काम आणि सावधगिरी

भारतात या विषयाची पायाभरणी झालेली आहे. तिरुवनंतपुरम येथील श्रीचित्रा तिरुनाल संस्थेने कॅल्शियम फॉस्फेटचे सिमेंट आणि हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट व जैवसक्रिय काच यांचा मिश्र भराव विकसित केला आहे. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेनेही या पदार्थांवर दीर्घकाळ काम केले आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी चुंबकीय गुण असलेल्या जैवसक्रिय काच-सिरॅमिकचा अभ्यास केला असून, बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राने तो पदार्थ तापवून हाडातील कर्करोगाच्या पेशी मारायच्या आणि त्याच पदार्थाने पोकळीही भरायची, अशी त्यामागची दुहेरी कल्पना आहे. कच्च्या मालाचा विचार केला, तर अंड्याच्या कवचात नव्वद टक्क्यांहून अधिक कॅल्शियम कार्बोनेट असते आणि त्यापासून हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट बनवता येते, तर तांदळाच्या तुसाच्या राखेतून काचेसाठी सिलिका मिळते. म्हणजे शेतात आणि स्वयंपाकघरात टाकाऊ ठरणाऱ्या गोष्टींतून स्वस्त भराव बनण्याची शक्यता आहे.

तरीही उत्साहाला विवेकाची जोड हवी. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात दोन काटेकोर चाचण्या प्रसिद्ध झाल्या आणि ठिसूळपणाने चेपलेल्या मणक्यात सिमेंट भरलेल्या रुग्णांना लुटुपुटीची शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांपेक्षा वेदनेत विशेष जास्त आराम मिळत नाही, असे त्यांत दिसले. यावरून सिमेंट निरुपयोगी ठरत नाही, परंतु ते कोणाला, कधी आणि कशासाठी भरावे, हा निर्णय पदार्थाच्या नवलाईवर सोपवता येत नाही. काचेच्या बशीतील पेशींवर यशस्वी झालेले मिश्रण प्राण्यात, प्राण्यातले माणसात आणि माणसातले दहा वर्षांनंतरही टिकेल, याची खात्री प्रत्येक पायरीवर वेगळी करून घ्यावी लागते. आपल्याकडे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची परवानगी याचसाठी असते.

सिमेंट हा उपचाराच्या साखळीतील शेवटचा दुवा आहे, हेही विसरता येत नाही. ग्रामीण भागासाठी म्हणून १९७४ मध्ये अंबाजोगाईला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत केजच्या परिसरातील मोडलेले खुबे पोचतात, तेव्हा हाडाची झीज सुरू होऊन अनेक वर्षे लोटलेली असतात. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखणे, ज्यांची झाली आहे त्यांच्या हाडांची घनता वेळीच तपासणे, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाड जपणारी औषधे त्यांच्यापर्यंत पोचवणे आणि मोळीचे ओझे डोक्यावरून उतरवून यंत्रावर देणे, हे सारे सिमेंटच्या आधी यायला हवे.

तरीही काही मणके चेपतील, काही हाडे मोडतील, आणि तेव्हा जे सिमेंट हाताशी असेल त्याने हाडाची जागा बळकावू नये, ती थोडा काळ धरून ठेवावी आणि मग परत द्यावी, हे मागणे अवाजवी नाही. ज्या स्त्रियांनी आयुष्यभर पाठीवर तोललेल्या उसाची साखर होते, त्याच साखरेचे कण प्रयोगशाळेत हाडाच्या भरावातून विरघळून नव्या रक्तवाहिन्यांना वाट करून देत आहेत. ती वाट नांदूरघाटच्या परिसरातील एखाद्या चेपलेल्या मणक्यापर्यंत, परवडणाऱ्या किमतीत आणि पारखून घेतलेल्या रूपात पोचली, तरच या संशोधनाचे सार्थक होईल.